मायनसकडं बघ

मागच्या वीकांताला कोल्हापूरला जाऊन आलो. लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, जोतिबाचा खेटाही नव्हता. गेलो होतो एका पंपासाठी.

पंप म्हटल्यावर शेतातली मोटर डोळ्यांपुढं आणू नका. हा पंप दोन मुठींएवढा आहे, बारा व्होल्टवर चालतो आणि माझ्या मामेभावाच्या गाडीत मागं, पाण्याच्या टाकीशेजारी चार स्क्रूंवर बसवलेला आहे. पण ह्या एवढ्याशा यंत्रावर एका गाडीचा हप्ता, दोन पोरांची फी आणि माझे साठ हजार रुपये अवलंबून आहेत. त्या साठ हजारांबद्दल आम्ही दोघं कधीच बोलत नाही. निदान बोलत नव्हतो.

दादाचं (म्हणजे ह्या मामेभावाचं) व्हीनस कॉर्नरच्या मागं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. कोल्हापूरकरांना पत्ता सांगितल्यावर पुढचं सांगायची गरज नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दुकान गेलं. दादानं उसनंपासनं करून पुन्हा उभं केलं. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी परत ५५ च्या वर. दुसऱ्या वेळेला त्यानं शटर उघडून आत एकदाच बघितलं, चिखलातून एक कीबोर्ड उचलला, तो परत खाली ठेवला आणि शटर ओढून घेतलं. मामी सांगते, त्या दिवशी तो घरी येऊन जेवला आणि झोपला. एक शब्द बोलला नाही.

त्यानंतर त्यानं हा धंदा काढला. काचा धुण्याचा. जुनी टाटा एस घेतली, आपल्याकडं जिला छोटा हत्ती म्हणतात ती. तिच्यावर पाचशे लिटरची टाकी, एक बॅटरी, हा पंप, शंभर मीटर पाइपचा रीळ, आणि लांब होत जाणारी काठी जिच्या टोकाला ब्रश. पाइप काठीतून वर जातो, ब्रशमधून पाणी येतं, जमिनीवर उभं राहून तिसऱ्या मजल्यावरची काच धुता येते. ना परांची, ना दोरीवर लोंबकळणारा माणूस. शोरूम, हॉस्पिटलं, हॉटेलं अशी गिऱ्हाइकं. २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली आणि छपरांवर सोलर पॅनल वाढली, मग पॅनल धुण्याची कामंही मिळायला लागली.

ह्यातली खरी गंमत पाण्यात आहे. नळाचं किंवा बोअरचं पाणी काचेवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात. पाणी उडून जातं, त्यात विरघळलेले क्षार मागं उरतात. म्हणून दादा टाकीत भरायच्या आधी पाणी रेझिनच्या नळकांड्यातून सोडतो. रेझिन क्षार धरून ठेवतं आणि टीडीएस मीटरवर आकडा शून्याला टेकतो. असं पाणी काचेवर मारून सोडून द्यायचं, पुसायचंसुद्धा नाही. वाळल्यावर मागं काहीच राहत नाही, कारण राहायला काही नसतंच. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी दादाला म्हटलं होतं, "भारी आहे रे हे!" तो म्हणाला होता, "नाद खुळा!" पाणी शुद्ध करण्याचं हे प्रकरण लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर झालं असं की गेल्या महिन्यात त्याचा फोन आला.

"भावा, पंप मधेच बंद पडालाय रे. तू येऊन बघ की जरा. तू इंजिनिअर हैस."

"अरे दादा, मी सॉफ्टवेअरवाला."

"मग काय झालं? इंजिनिअरच की!"

ह्यावर उत्तर नसतं. शुक्रवारी रात्री पुण्याहून बसनं निघालो. बॅगेत दोन शर्ट आणि एक मल्टिमीटर. तो मल्टिमीटर मी कॉलेजात असताना घेतला होता आणि तेव्हापासून त्यानं मुख्यतः रिमोटचे सेल तपासलेत.

शनिवारी सकाळी चहा घेता घेता दादानं लक्षणं सांगितली. सकाळी पंप नीट सुरू होतो. वीसेक मिनिटांनी आवाज खाली उतरतो, काठीच्या टोकाशी पाणी मलूल होतं, मग कंट्रोलरवर लाल दिवा आणि पंप बंद. पाच मिनिटं थांबलं की परत सुरू, पण दोन-तीन मिनिटंच. "तापतोय बघ त्यो," दादाचं निदान. म्हणून त्यानं पंप बदलला होता. फरक शून्य. मग बॅटरी बदलली. दोन महिने बरं चाललं, परत तेच. मग अजून एक बॅटरी. सगळं मिळून बावीस हजार रुपये. हप्ता भरणाऱ्या माणसाला बावीस हजार म्हणजे काय, हे मी लिहायला नको.

मी मल्टिमीटर काढला आणि बॅटरीच्या दोन टोकांना लावला. १२.४ व्होल्ट. शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असली की निवांत असताना साधारण १२.७ दाखवते, अर्धी उतरली की १२.२ च्या आसपास. म्हणजे १२.४ काही भूषण नाही, पण मेलेलीही नाही. मी जाहीर केलं, "बॅटरी ठीक आहे."

(ही माझी पहिली चूक. पण ती चूक आहे हे कळायला मला संध्याकाळ व्हावी लागली.)

मग माझी नजर कंट्रोलरवर गेली. त्याला डिस्प्ले आहे, मेन्यू आहे, सेटिंग आहेत. आता सांगा, सॉफ्टवेअरवाल्या माणसाला एकीकडे गंजकी गाडी आणि दुसरीकडे मेन्यू दिसला तर तो कुठं बघेल? मी अर्धा तास त्या मेन्यूत रमलो. त्यात सापडलं की बॅटरी फार उतरू नये म्हणून कंट्रोलर ११ व्होल्टला पंप तोडतो. तोडला की बॅटरी सावरते, व्होल्टेज वर येतं, पंप परत सुरू होतो, परत पडतं, परत तोडतो. पाच मिनिटांच्या विश्रांतीचं कोडं सुटलं! मी ११ चे १०.५ केले. पंप सुरू केला. चालला. वीस मिनिटं झाली, तरी चालला. आमच्या भाषेत ह्याला हॉटफिक्स म्हणतात. वहिनींनी कौतुकानं अजून एक चहा दिला.

त्या दिवशी राजारामपुरीत एका शोरूमचं काम होतं. मोठं गिऱ्हाईक, महिन्याचं काम मिळायची शक्यता. मी म्हटलं, मीही येतो. दादानं काठी उघडली, पाणी सुरू झालं, वरची काच चकाचक व्हायला लागली. रस्त्यावरची दोन पोरं बघत उभी राहिली. मला उगाच अभिमान वाटला.

अर्ध्या तासानं आवाज खाली उतरला. टर्रर्रर्र... मग टर्र... मग काही नाही. लाल दिवा.

शोरूमची अर्धी काच धुतलेली, अर्धी ओली आणि मळकी. मॅनेजर बाहेर आला, वर बघितलं, आमच्याकडं बघितलं. दादानं काठी खाली घेतली, शेजारच्या दुकानातून शिडी आणि बादली मागून आणली आणि उरलेली काच हातानं धुवायला लागला. मी शिडी धरून उभा. ऊन असं की शिडी हाताला चटके देत होती. बादलीतलं पाणी दुकानाच्या नळाचं, म्हणजे वाळल्यावर ठिपके येणार हे आम्हा दोघांनाही माहीत. पण दुसरा इलाज नव्हता. काम संपल्यावर मॅनेजर सभ्यपणे म्हणाला, "महिन्याच्या कामाचं नंतर बघू."

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. मी मोबाइलवर तसाच नवा पंप शोधत होतो. दादा म्हणाला, "ठेव ते. उद्यमनगरात मिस्त्रींकडं जाऊया."

उद्यमनगराबद्दल थोडं सांगायलाच हवं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली त्यावर 'सैरंध्री' काढला, त्या गावात "हे आपल्याला जमणार नाही" असं म्हणायची पद्धत नाही. उद्यमनगर त्याच रक्ताचं. ऑइल इंजिनं, ओतकाम, लेथ, पंपांचे भाग. एकेका गाळ्यात अशी माणसं बसलीत की ज्यांनी कधी मॅन्युअल उघडलेलं नाही, कारण मॅन्युअल लिहिणाऱ्याला पडलेले प्रश्न ह्यांनी आधीच सोडवलेत.

मिस्त्री सत्तरीचे. डायनामो, स्टार्टर, बॅटरी ही कामं. चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. दादानं सगळी हकिगत सांगितली, मी मधे मधे तांत्रिक शब्द घातले. मिस्त्रींनी मला एकच प्रश्न विचारला.

"साहेब, वोल्टेज बघितलं म्हणता. पंप चालू असताना बघितलं का बंद असताना?"

"बंद असताना."

"मग काय बघितलं तुम्ही? निवांत बसलेल्या माणसाला 'कसं हाय' विचारलं तर तो बरंच हाय म्हणणार की. ओझं द्या डोक्यावर, मग विचारा."

मी गप्प. कारण माझ्याच धंद्यात मी ज्युनिअर पोरांना हेच सांगत असतो. सर्व्हर रिकामा असताना वेगवान वाटणारच, लोड टाकून बघा!

मग त्यांनी बॅटरीची बुचं उघडली. आत टॉर्च मारला. दोन कप्प्यांत प्लेटांची वरची कड उघडी पडलेली. मिस्त्रींनी वळून दादाकडं बघितलं, मग टाकीकडं बघितलं.

"लेका, पाचशे लिटर डिस्टिल वाटर पाठीवर घेऊन गावभर हिंडालैस, आणि बॅटरी तहानलेली?"

दादा हसला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं हसणं. बॅटरीत घालायचं पाणी म्हणजे क्षार नसलेलं पाणी, आणि ते आमच्या मागं चार बोटांवर, बावीस हजारांच्या पंप-बॅटऱ्यांच्या शेजारी! टाकीतून एक लोटा काढला, मीटरवर शून्य बघितलं आणि प्लेटा बुडेपर्यंत पाणी घातलं.

"पण हा रोग न्हवे," मिस्त्री म्हणाले. "हे लक्षण. रोग दुसरीकडं हाय."

त्यांनी माझा कंट्रोलर (अर्धा तास ज्याच्याशी मी गप्पा मारल्या तो) सरळ बाजूला काढला आणि पंपाला बॅटरीच्या प्लसवरून थेट वायर दिली. म्हणजे आता मधे कुणी शहाणा नाही. पंप सुरू झाला, आवाज तसाच मलूल. बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावायला सांगितलं. १२.१. मग पंपाच्या दोन टोकांवर. १०.३.

एक पॉइंट आठ व्होल्ट वाटेतच गायब.

"वायर बारीक असेल," मी.

"प्लसची वायर आत्ताच म्या नवी दिली. आता मायनसकडं बघा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर ठेवा आणि दुसरं पंपाच्या मायनसवर."

"मायनस ते मायनस? ते तर शून्यच येणार."

"ठेवा तर खरं."

ठेवलं. १.८.

मंडळी, मी इंजिनिअरिंगची पदवी घेतली आहे. ओहमचा नियम मला झोपेतही सांगता येतो. पण नकाशात ज्या दोन टोकांना आपण एकच चिन्ह काढतो ती दोन टोकं प्रत्यक्षात वेगळी असू शकतात, हे मला त्या गाळ्यात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी दिसलं.

प्रकार असा होता. गाडीत प्लसची वायर ओढतात, मायनससाठी मात्र गाडीचा सांगाडाच वापरतात. पंपाचं मायनस सांगाड्याला एका जागी, बॅटरीचं मायनस दुसऱ्या जागी. ज्यानं ही जोडणी केली त्यानं बॅटरीचा मायनस एका बोल्टखाली दाबला होता, पण खालचा रंग खरवडला नव्हता. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा करंट जात होता. मग पाण्याची गाडी, रोज ओली, त्या जागी गंज चढला. मिस्त्रींनी बोल्ट काढला तेव्हा खाली तपकिरी पीठ होतं.

गणित करून बघा. पंप पूर्ण वेगात सात अँपिअर घेतो. सात अँपिअरला १.८ व्होल्ट पडतात, म्हणजे त्या गंजाचा रोध साधारण पाव ओहम. पाव ओहम! साध्या मल्टिमीटरवर रोध मोजायला गेलो असतो तर मीटरच्या वायरींच्या रोधातच तो हरवून गेला असता. करंट वाहत असतानाच तो पकडता येतो.

कंट्रोलरचं मायनसही सांगाड्यालाच. म्हणजे बॅटरी १२.७ वर असली तरी त्याला १०.९ दिसणार, आणि तो इमानेइतबारे पंप तोडणार. कंट्रोलर खोटं बोलत नव्हता, त्याच्यापर्यंत खरं पोचत नव्हतं. आणि मी काय केलं? त्याची मर्यादाच खाली आणली. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार.

पण बॅटऱ्या का मेल्या? हे त्याहून मजेशीर आहे. गाडी चालू असताना अल्टरनेटर ह्या बॅटरीला चार्ज करतो, आणि तो करंटसुद्धा त्याच गंजक्या बोल्टमधून परत जातो. मिस्त्रींनी इंजिन सुरू करायला लावलं. अल्टरनेटरशी १४.२, आणि बॅटरीवर १२.९. शिशाच्या बॅटरीला पोटभर जेवायला १४ च्या वर लागतात, १२.९ म्हणजे नुसता वास. त्यात दादाच्या फेऱ्या राजारामपुरी ते ताराबाई पार्क, दहा मिनिटांच्या. शिवाय ह्या बॅटरीचं खाणं सावकाश, शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासच्या तास लागतात. रोज अर्धपोटी राहिली की प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं, घट्ट होतं, आणि मग ते परत विरघळत नाही. अशी ती सहा-आठ महिन्यांत जाते. दादा नवी आणतो, नवी भरलेली येते म्हणून दोन महिने बरं चालतं, आणि त्याला वाटतं जुनीच खराब होती.

एक बोल्ट. पंपाला कमी पोचत होतं आणि बॅटरीला कमी मिळत होतं, दोन्ही एकाच बोल्टमुळं. आणि बदललं काय? पंप आणि बॅटऱ्या. जे बोलत होतं ते बदललं, जे गप्प होतं तिकडं कुणी बघितलं नाही.

ही बॅटरी गास्तों प्लांते ह्या फ्रेंच माणसानं १८५९ साली शोधली. आमच्या धंद्यात पाच वर्षांपूर्वीची गोष्ट जुनाट ठरते, आणि इथं एकशे साठ वर्षांहून जुनी वस्तू आम्हा दोघांना (त्यातला एक पदवीधर) वर्षभर फिरवत होती.

दुरुस्तीला पाऊण तास लागला. रंग घासून लोखंड चकाकवलं, दातेरी वायसर घातला, आवळला, वर व्हॅसलिन फासलं. शिवाय एक जाड तांब्याची केबल बॅटरीच्या मायनसवरून सरळ इंजिनाच्या अंगाला आणि पंपाच्या मायनसला. "सांगाड्यावर इस्वास ठेवू नका, पाण्याच्या गाडीत तर न्हाईच." परत मोजलं. मायनस ते मायनस, पंप चालू, ०.१. इंजिन चालू, बॅटरीवर १४.१. आणि पंपाचा आवाज! टर्रर्र नाही, एकसारखा खणखणीत.

जाता जाता त्यांनी पंपाच्या आधीची जाळी उघडून धुतली आणि सक्शनच्या पाइपची ढिली क्लिप आवळली. ह्या पंपात रबराचे पडदे वरखाली होतात आणि छोट्या झडपा पाणी ढकलतात. ओढायच्या बाजूनं हवा शिरली की पंप चालतो पण पाणी येत नाही, आणि माणूस पंपाला शिव्या देतो. "तिथं पाणी गळत न्हाई, हवा आत जाते. म्हणून दिसत न्हाई," मिस्त्री म्हणाले. केबलचे आणि मजुरीचे मिळून साडेपाचशे रुपये घेतले. दादा जास्त द्यायला गेला तर म्हणाले, "रोज रात्री घरात चार्जर लाव, तेवढं कर."

रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं रंकाळ्यावर जाऊन बसलो. बराच वेळ इकडचं तिकडचं. मग दादाच म्हणाला, "तुझे साठ हजार..."

"असू दे रे."

"असू दे न्हवे. गेले पाच महिने मी आतबट्ट्यात चालवालोय. तुझ्या वहिनीला पण सांगितलं न्हाई. तिनं बांगड्या काढून दिल्या असत्या, आणि मला त्या घ्यायच्या नव्हत्या."

पाच महिने. ह्या पाच महिन्यांत मी त्याला दर रविवारी फोन केला होता. "कसं चाललंय दादा?" "एकदम झकास!" "बरं मग, ठेवू?" प्रत्येक वेळी १२.४. मी मीटर लावून, आकडा बघून, समाधानानं फोन ठेवत होतो. पैसे दिले होते म्हणून विचारायला संकोच वाटायचा, घेतले होते म्हणून त्याला सांगायला. मधे गंज चढत होता.

मी म्हटलं, "दादा, पुढच्या वेळेला 'झकास' म्हणू नकोस. किती कामं झाली आणि किती बुडाली ते सांग. मी पण नीट विचारीन."

"आणि पैसे?"

"ते दिवाळीनंतर महिन्याला तीन हजार. चालेल?"

"चालंल की," तो म्हणाला, आणि खरंच हलका झालेला दिसला. मला वाटत होतं पैशाचा विषय काढला तर त्याला अपमान वाटेल. उलट झालं. आकडा ठरला तेव्हाच तो माझ्याकडं सरळ बघून बोलायला लागला.

रविवारी सकाळी सात वाजता, शोरूम उघडायच्या आत, आम्ही परत राजारामपुरीत. न सांगता, न पैसे मागता. आदल्या दिवशी बादलीनं धुतलेल्या काचेवर ठिपके आले होतेच. दादानं काठी उघडली आणि सगळी दर्शनी काच पुन्हा धुतली, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, सव्वा तास. मी गाडीत मीटर धरून बसलो होतो (आता पंप चालू असताना!). पंपाच्या टोकांवर १२.३, १२.२, १२.२. एकदाही लाल दिवा नाही. मॅनेजर आला तेव्हा आम्ही पाइप गुंडाळत होतो. त्यानं काचेकडं बघितलं, जवळ जाऊन तिरकं बघितलं. "कालचं परत केलंत?" दादा म्हणाला, "काल नीट झालं नव्हतं, साहेब." महिन्याचं काम अजून पक्कं झालेलं नाही. पण मॅनेजरनं पुढच्या शनिवारी परत बोलावलंय.

हे सगळं इथं लिहायचं एक कारण हेही आहे की असाच बारा व्होल्टचा छोटा पंप आणि बॅटरी आज गावोगावी फवारणीच्या यंत्रात आहे. बंद पडला की आधी पंप नाहीतर बॅटरी बदलायची हीच रीत. बदलायच्या आधी एवढं करा:

१. बॅटरीचं व्होल्टेज पंप चालू ठेवून मोजा. मग पंपाच्या टोकांवर मोजा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वाटेत आहे.

२. वाट दोन्ही बाजूंची असते. प्लस ते प्लस मोजा, आणि मायनस ते मायनसही. फ्यूजचं घर, स्विच, आवळलेली टोकं, सगळ्यांवर एकेक करून.

३. गाडीत असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १४ च्या आसपास पोचतात का बघा.

४. बुचं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी बघा. फक्त क्षाररहित पाणी घाला. बॅटरीतलं पाणी म्हणजे आम्ल, डोळे आणि हात सांभाळा.

५. पंप चालतो पण पाणी येत नाही, तर जाळी आणि ओढायच्या बाजूच्या क्लिपा आधी बघा.

असो. दादा आता रोज सकाळी मला मीटरचा फोटो पाठवतो. काल १२.७ आला. खाली लिहिलं होतं, "लोडवर १२.४. दोन कामं झाली, एक बुडालं."

मी ते वाचलं आणि रविवारची वाट न बघता फोन लावला. बुडालेल्या कामाबद्दल विचारायला.